शहराची हद्द आणि रानाची हद्द

कोल्हापुरात हद्दवाढीचा विषय तापला की सिडनीत माझ्या फोनवरही तो तापतो. १९७२ साली महापालिका झाली, तेव्हापासूनचा हा वाद. शहरवाले म्हणतात, हद्द वाढल्याशिवाय निधी नाही, विकास नाही. गाववाले म्हणतात, शहराचा घरफाळा आमच्या डोक्यावर नको आणि जमिनीवर आरक्षणं नकोत. मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांच्या विकासाचं नियोजन करायला प्राधिकरण झालं. मला दोन्ही बाजू पटतात. पण ज्या उसाच्या रानावरून हे भांडण चाललंय ते रान पुढे रान राहणार का, हे दोन्हीकडून कुणी विचारत नाही. हा प्रश्न मला नीट दिसला तो ॲडलेडला, कोल्हापूरच्याच जुन्या मित्राकडे राहायला गेल्यावर.

ॲडलेडपासून तासाभरावर बरोसा हे द्राक्षांचं आणि वाइनचं खोरं आहे. १८४२ मध्ये सायलेशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांनी इथे वस्ती केली. १८४३ साली लावलेल्या शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वेली आजही द्राक्षं देतात. गाडी वहिनी चालवणार होत्या, त्यामुळे त्यांनी वाइनला हात लावला नाही. इथे रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि पोलीस रस्त्यात कुठेही तपासणीला थांबवतात. आम्ही दोघं चाखत होतो. पेल्यात घोटभर वाइन, ती फिरवायची, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची, पुढे अजून चाखायच्या असतील तर शेजारच्या भांड्यात थुंकायची. शिराझला काळ्या मिरीचा वास येतो, हे खरंच आहे. ओतून देणाऱ्या बाई मात्र चवीपेक्षा जमिनीबद्दलच जास्त बोलत होत्या: ही वेल कुठल्या उताराची, किती जुनी, कुणाच्या पणजोबांनी लावलेली. वेलींच्या वयाची इथे रीतसर नोंद ठेवतात आणि ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षांच्या टप्प्यांना वेगवेगळी नावं आहेत.

सेपेल्ट्सफील्डच्या वायनरीत १८७८ पासून दरवर्षी गोड वाइनचं एक पिंप बाजूला काढून शंभर वर्षं ठेवतात. पाहुण्याला आपल्या जन्मसालची वाइनही पिंपातून चाखायला मिळते. मित्राने त्याच्या सालची मागितली. गडद तपकिरी, पेला कलता केला तरी काच न सोडणारी. पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "आयला, काकवीच की रे ही!"

तिथून आम्ही मेंगलर टेकडीवर गेलो. खाली तनुंडा गाव दिसतं. घरं संपली की वेली सुरू होतात. मध्ये प्लॉट पाडून दगड रोवलेलं रान नाही, 'एन.ए. प्लॉट'चे फलक नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. ॲडलेड पसरत इकडे सरकू लागलं तेव्हा २०१२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संसदेने बरोसा आणि मॅकलारेन व्हेल या दोन खोऱ्यांसाठी कायदे केले: गावांच्या ठरलेल्या रेषेबाहेर शेताचे तुकडे करून घरांचे प्लॉट पाडायचे नाहीत. १९८०च्या दशकात याच राज्याने द्राक्षं फार झाली म्हणून पैसे देऊन वेली उपटून घेतल्या होत्या, त्यात कितीतरी जुन्या वेली गेल्या. ज्यांनी तेव्हा उपटल्या नाहीत, त्यांच्या बांधावर आज जगभरची माणसं येतात.

२०२२च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. परदेशात किराणा दुकानातही वाइन मिळते, असं बरेच जण सांगत होते. ऑस्ट्रेलियाची निम्मी वाइन दक्षिण ऑस्ट्रेलियात तयार होते, पण तिथे दूध-भाजीच्या फळ्यांवर ती ठेवत नाहीत, वेगळ्या दुकानात जावं लागतं. गावोगाव मतदान करून बाटली आडवी करणाऱ्या आपल्या बायकांचं म्हणणं मला म्हणूनच रास्त वाटतं. तो निर्णय शेतकऱ्याच्या नावाने झाला, चर्चा मात्र बाटली कुठे ठेवायची याचीच झाली. गिऱ्हाईक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसं न्यायचं, हे राहूनच गेलं.

आमच्याकडे तो बांध गुऱ्हाळाचा आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तिथे गुळाचा व्यापार वाढला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडतायत. ऊस कारखान्याला जातो, चुलवाणाला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या चुलीला, चिपाडं घालायला माणूस मिळत नाही, गुळाचा दर अडतीत ठरतो. गूळ करणारा गुळव्या उसाच्या रसात भेंडीचा रस घालून मळी वर आणतो, ती काढतो, मग उकळत्या काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, थेंब पाण्यात टाकून बोटांनी पाक ओळखतो. एवढं कसब, पण पुण्या-मुंबईत तो गूळ खाणाऱ्याला ना त्याचं नाव ठाऊक, ना त्याचं गाव. पर्यटक अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा ओरपतो, रंकाळा-पन्हाळा करतो आणि जातो. पन्हाळ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी ऊस असतो, पण गाडी थांबवावी असं त्याला फारसं काही दिसत नाही.

बरोशाचा कायदा जसाच्या तसा कोल्हापूरला लावा, असं मी म्हणणार नाही. तिथल्या शेतकऱ्याचं रान मोठं. आपल्याकडे वीस-तीस गुंठ्यांवर घर चालवणाऱ्याला मुलीचं लग्न निघालं किंवा दवाखाना मागे लागला की त्यातलेच गुंठे विकावे लागतात. त्याला नुसतं "विकू नको" म्हणणं हा अन्याय आहे. प्लॉट न पाडण्याची अट घालायची तर तिचा मोबदला त्याच्या हातात पडला पाहिजे, आणि रानातून येणारा पैसाही वाढला पाहिजे. पण पंचगंगेकाठच्या रानाबद्दल तरी शंका कसली? २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा तिथे पुराचं पाणी आलं. प्राधिकरणाने ते रान कायमचं शेतीचं म्हणून नकाशावर आखून द्यावं, हद्दवाढ होवो न होवो.

आणि त्या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांना पाहुणे घ्यायला परवानगी आणि थोडं भांडवल द्यावं. ताजा रस, गरम गूळ, काकवी, आणि घरी न्यायला त्या शेतकऱ्याच्या नावाची ढेप. स्वच्छ पाणी, संडास, गाडी लावायला जागा, एवढी तयारी पुरे. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात. ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर येत्या हंगामातच सुरुवात करता येईल.