"ट्रिगर दाबा आणि ओढा, झालं वेल्डिंग" – असं नसतंय हो!

सध्या एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर पण आला आणि पुण्यातल्या धायरी-नऱ्हेच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवर पण. म्हणणं थोडक्यात असं: मिग मशीन (बंदुकीतून वायर आपोआप येते, तीच वितळून जोड होतो, आणि भोवती गॅस सुटून हवा लांब ठेवतो) घ्या, शिकायची गरज नाही, घरच्या प्लगवर चालतं, अर्थ क्लॅम्प लावला की शॉक बसत नाही, गॅस परवडत नसेल तर गॅसलेस वायर घाला, डोळ्याला गॉगल पुरे, धूर लागला तर दूध प्या. खाली दोनचार अंगठे आणि "ग्रिलवाल्याचे पैसे वाचवा". पैसे वाचवायला आपण पुणेकर कायम तयारच, पण ह्यातल्या एकेका वाक्याचं काय करायचं ते बघू.

पहिलं, "शिकावं लागत नाही, वेल्ड छान दिसला की पक्का". हेच सगळ्यात घातक आहे म्हणून जरा जास्त लिहितो. साध्या रॉडच्या वेल्डिंगला नवशिक्याचं काम लगेच उघडं पडतं, रॉड चिकटतो, स्लॅग (वेल्डवर जमणारा काचेसारखा मळ) अडकतो, वेल्ड बघूनच कळतं की पोरगं नवीन आहे. मिगला वायर आपोआप येत राहते, त्यामुळे व्होल्टेज कमी असलं तरी वर गोल गुळगुळीत मणी (वेल्डची ओळ) बसतो आणि खाली पट्टीत तो घुसलेलाच नसतो, नुसता वर बसलेला असतो. बाल्कनीचं ग्रिल, जिन्याचं रेलिंग असं चिकटवलेलं असेल तर रंग मारल्यावर कुणाच्या बापाला कळत नाही. ०.८ एमएमची वायर आणि ३ एमएमची पट्टी असेल तर साधारण १८-१९ व्होल्टच्या आसपास सुरुवात करा, नुसता सीओटू (कार्बन डायऑक्साइड) असेल तर आर्गॉन मिसळलेल्या मिक्स गॅसपेक्षा एखाददोन व्होल्ट जास्त लागतात. वायर स्पीड एवढा ठेवा की आवाज एकसारखा तडतड येईल. वायर जॉबला (जोडायच्या तुकड्याला) ठोसे मारत असेल, बंदूक मागं ढकलत असेल तर स्पीड जास्त आहे, आणि वायर टोकाशी गोळा होऊन टिपलाच (वायर बाहेर येते ती तांब्याची तोटी) जळत असेल तर कमी.

आणि खरी परीक्षा भंगारातल्या तुकड्यांवर. दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूनं जोडा, व्हाइसमध्ये आवळा आणि उभ्या पट्टीला हातोडा असा घाला की ती वेल्डच्या बाजूला झोपेल, म्हणजे सांधा मुळातून उघडायला बघतो. वेल्ड एका बाजूनं सालीसारखा सुटून आला आणि खालची पट्टी कोरी चकचकीत दिसली तर तुमचा तो सुंदर मणी बिनकामाचा. पट्टी वाकली आणि वेल्ड टिकला तर मग गेटला हात लावा. फॉरवर्डमध्ये ह्याबद्दल एक अक्षर नाही.

"घरच्या प्लगवर २०० अँपिअर". हिशोब करा ना. २०० अँपिअरला साधारण २४ व्होल्ट लागतात, म्हणजे ४८०० वॉट नुसत्या आर्कला (वेल्डिंगच्या झगमगत्या ज्वाळेला), मशीनचा लॉस धरला की २३० व्होल्टवर २५ अँपिअरच्या वर जातं, आणि तुमचा मोठा प्लग १६ चा. १०० अँपिअरपर्यंत पातळ काम होईल, पण तेही गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर नको, पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते.

अर्थ क्लॅम्पबद्दल तर सगळ्यांचाच गैरसमज असतो. तो क्लॅम्प जॉबला लावतो तो करंट परत मशीनकडे न्यायला, त्याचा आणि तुमच्या जिवाच्या अर्थिंगचा संबंध नाही. मशीनच्या आत २३० व्होल्टची वायर बॉडीला टेकली तर तुम्हाला वाचवणार ती प्लगची तिसरी पिन, आणि तीच पिन काढून दोन पिनचं जुगाड केलेली मशीनं मी आत्ताआत्तापर्यंत बघतोय, तेही जुलैच्या पावसात, ओल्या फरशीवर, पायात स्लीपर. मिगचं ओपन व्होल्टेज (आर्क पेटलेला नसताना बंदुकीवर असतं ते) रॉडच्या मशीनपेक्षा सहसा कमी असतं हे खरं, पण इनपुटचे २३० काय कमी झालेत का?

गॅसचं बोलू. "वेल्डमध्ये भोकं पडली तर गॅस वाढवा" हे अर्धवट आहे. मिनिटाला १० ते १५ लिटर बहुतेक कामाला भागतं, त्याच्या फार वर गेलं की नोझलमधून गॅस घुसळत बाहेर पडतो आणि उलट बाहेरची हवा आत ओढतो, भोकं वाढतात. आधी बघा की मे महिन्यात शेडमधला पेडस्टल फॅन थेट आर्कवर सोडलाय का, नोझलमध्ये स्पॅटर (उडालेले वितळलेल्या लोखंडाचे थेंब) साचलाय का, पाइप कुठं चिरलाय का. फॅन बंद करून धुरात बसा असं म्हणत नाहीये, बाजूला असा लावा की धूर तोंडापासून लांब ओढला जाईल पण झोत आर्कवर येणार नाही.

गॅसलेस वायर (आतल्या पावडरीतूनच गॅस होणारी) चालते, जरूर वापरा, पण "बाकी काही बदलायचं नाही" हे खोटं. गॅसवाल्या सॉलिड वायरला बंदूक प्लसला असते, गॅसलेसला मायनसला. मशीनचं झाकण उघडून कनेक्शन उलटं करावं लागतं, नाहीतर नुसता स्पॅटर उडतो आणि लोक मशीनला शिव्या घालतात. रोलर पण दातेरी लागतो, आणि स्लॅग ठोकून काढावा लागतो.

आता डोळे. काळा गॉगल घालून मिग करणं म्हणजे वेडेपणा, १० किंवा ११ नंबरची काच असलेला पूर्ण हेल्मेट लागतो, गळासुद्धा झाकलेला पाहिजे, नाहीतर कातडी भाजते आणि संध्याकाळी आंघोळीला पाणी घेतलं की कळतं. बरं, वेल्डर तरी काच धरतो, शेजारी पाइप धरून उभा असलेला हेल्पर नुसतं तोंड फिरवतो, आणि गेटपाशी कामाची मजा बघत उभी असलेली सोसायटीतली पोरं, त्यांचं काय? त्रास लगेच होत नाही, सहासात तासांनी रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग घरोघरी बटाट्याच्या चकत्या. गारव्यानं बरं वाटतं एवढंच, बुबुळाचा वरचा थर सोललेला असताना त्यावर कच्च्या बटाट्याचा रस कशाला? बहुतेकांचं एकदोन दिवसांत भरून येतं, पण डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, आणि कुणीतरी दिलेले बधिर करणारे थेंब सारखे घालू नका, त्यानं जखम भरायला वेळ लागतो.

दूध आणि गूळ! जीआय (जस्त चढवलेला) पाइप वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो फुफ्फुसात जातो, दूध जातं पोटात. रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, एकदोन दिवसांत जातो, म्हणून लोक म्हणतात दुधानं गेला. रोज धुरात असणाऱ्याला सवय होते आणि सुट्टीत ती सवय मोडते म्हणून परत पहिल्याच दिवशी ताप, भोसरीच्या कारखान्यांत गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी बघा. ताप जातो पण वेल्डिंगचा धूर, कुठल्याही लोखंडाचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१७ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय. जमेल तिथं काळा (बिनजस्ताचा) पाइप घ्या आणि नंतर रंगवा, जीआयच असेल तर दोन्ही बाजूंनी इंचभर जस्त ग्राइंड करून काढा, आणि तोंडाला रुमाल नाही, धुराचा मास्क. ग्राइंड करतानाही.

एक शेवटचं, "सिलिंडरचा काटा बघून गॅस किती ते कळतं". आर्गॉनला कळतं. सीओटू बाटलीत पातळ स्वरूपात असतो, थोडं जरी पातळ शिल्लक असेल तरी काटा तिथंच उभा, आणि मग एकदम खाली, बरोबर रविवारी संध्याकाळी. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्या खांद्यावर पंच केलेलं असतं, बाटली वजनकाट्यावर ठेवा आणि ते वजा करा. ठेवायची मात्र साखळीनं बांधून, उभी, आणि बेसमेंट पार्किंगमध्ये तर नकोच, हा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर खालीच साचतो.