खानापूरच्या काकांना उत्तर: आज्जीचा पगार

काका, ‘मी तुझ्या वडिलांच्या वयाचा’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. घटस्फोटात मूल सांभाळण्याच्या खर्चाचं काय होतं यावर मी लिहिलं, आणि तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं असं: आमच्या काळी पाळणाघरं नव्हती तरी पोरं वाढली, आज्जी असताना पैसे कशाला, सरकार बायकांना बस फुकट देतं, वर महिन्याला 2,000 देतं, आणि मी संसाराची खतावणी मांडली, तीही बायकांच्याच बाजूने.

शेवटचं आधी घेते, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत रात्रपाळी करणारा बाप माझ्या ओळखीत आहे. पोरगी आपल्याकडे राहावी असं त्याला मनापासून वाटत होतं. ‘रात्री तिच्याजवळ कोण?’ या एका प्रश्नावर तो अडला. बहीण सासरी, आई नाही, आणि रात्रभर राहणारी बाई ठेवायची तर निम्मा पगार तिलाच. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे, हे 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यातच आहे. पण त्याची पोरगी आठ वर्षांची होती. तो कायद्यानं हरला नाही, पाळीनं हरला. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आता सरकारी पैशांचं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव असतं तिला मिळतात. भांडून माहेरी आलेल्या मुलीचं नाव तिथं असतं का? सासरच्या कार्डावर सासू, माहेरच्या कार्डावर आई. पंचायतीचं ‘कूसिन मने’ पाळणाघर खेड्यातल्या रोजगार हमीवाल्या बायकांसाठी. बेळगाव शहरातल्या वडगावात ब्लाउज शिवणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य. फुकट बस आहे खरी, पण ती कर्नाटकातली. नवऱ्यानं कोल्हापुरात दावा लावला तर निपाणीच्या पुढं तिकीट आलंच. आणि दावा इकडं आणायचा तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला हलवण्याचा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाला, म्हणजे दिल्ली गाठा. (2003 पासून बायको जिथं राहते तिथं तिला स्वतः दावा लावता येतो. पण बहुतेक वेळा नवरा आधी लावून मोकळा होतो.) दर तारखेला दिवस मोडतो, आणि त्या दिवशी पोराजवळ कोणीतरी लागतंच.

आणि मुख्य मुद्दा, आज्जी. वडगावातल्या त्या बाईसोबत मी पोटगीच्या अर्जासाठी गेले होते. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या पोटगीच्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं. वकिलाचा कारकून कानडीत विचारत होता आणि भराभर लिहीत होता. शाळेची फी, औषधं, रिक्षा. मग ‘यारु नोडकोतारे?’ म्हणजे पोराला कोण बघतं. ही म्हणाली, ‘आई बघते.’ त्यानं मान डोलावली आणि रकान्यात आडवी रेघ ओढली.

ती रेघ मला अजून दिसते, काका. आज्जी बासष्टची, गुडघे गेलेले. नातू अंगणवाडीतून आला की दिवसभर त्याच्यामागं. पूर्वी ती स्वतः चार घरी धुणीभांडी करायची, नातवासाठी तीन घरं सोडली. त्या घरांचा पगार बुडाला तो खर्चच ना? पण कागदावर सांभाळणं शून्य, म्हणून पोटगीही तेवढी कमी. म्हणजे सासरच्या नातवाचा खर्च माहेरची म्हातारी उचलते, आणि तिनं उचलला म्हणूनच तो खर्च नाही असं ठरतं! त्याच निकालात मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, राहणं, औषधपाणी, शिक्षण, अगदी जादा क्लाससुद्धा धरलाय. सांभाळणाऱ्याचा पैसा मात्र तुम्ही मागितला नाही तर कोण आपणहून धरणार?

तुमच्या काळी पोरं वाढली, मान्य. ती फुकट वाढली नाहीत. तुमच्या आईनं आणि वहिनीनं वाढवली, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. तेव्हा घर मोडत नव्हतं म्हणून हिशेब निघाला नाही. घर मोडलं की तो निघतोच, आणि ज्याच्याकडं बघायला माणूस नाही तो तारखा संपायच्या आधीच ‘घ्या तुम्हीच पोराला’ म्हणून सही करतो. अशी सही करणारी एक आई मी बघितलीय. ‘खतावणी’ हा तुमचा शब्द मला लागला नाही. मला वाटतं ती अजून नीट लिहायला हवी.

आम्ही कारकुनाला ती रेघ खोडायला लावली. गल्लीतल्या पाळणाघराचा दर चौकशी करून लिहिला, खाली ‘आजी सांभाळते, त्यामुळे तिची तीन घरांची कामं सुटली’ असं जोडलं. पलीकडच्या वकिलानं हरकत घेतलीय, स्वतःची आई कधी पगार मागते का म्हणून. निकाल अजून नाही. पुढची तारीख दसऱ्यानंतर आहे आणि डॉक्टरांनी आज्जीला जिना चढायला मनाई केलीय, त्यामुळे त्या दिवशी पोरगं माझ्याकडं राहणार. मी रजा टाकलीय, बिनपगारी.