पाच मिनिटांचं काम

ऑगस्टात मिलान ओस पडतं. दुकानांच्या शटरवर ‘सुट्टीनिमित्त बंद’चे कागद लागतात, शेजारपाजार समुद्रावर नाहीतर डोंगरात पळतो आणि मागे उरतात ते म्हातारे, डास आणि आमच्यासारखे रजा शिल्लक नसलेले. १५ ऑगस्टला इथे फेर्रागोस्तो असतो. या सुट्टीचं मूळ सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. १८ मध्ये घालून दिलेलं. दोन हजार वर्षांत ती कोणी रद्द केली नाही, कारण रद्द करायला कचेरीत कोणी हजर हवं ना.

तर खालच्या मजल्यावरच्या सिन्योराने बिल्डिंगमधल्या उरल्यासुरल्यांना अंगणात जेवायला बोलावलं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. आमच्या वाट्याला आंतीपास्तो आला. (नवऱ्याची बरेच दिवस समजूत होती की ही पास्त्याविरुद्धची काहीतरी चळवळ आहे. मुळात ते जेवणाआधी तोंड चाळवायचं खाणं.)

“काही नाही,” सिन्योरा म्हणाली, “पीच अर्धे करायचे, जरा भाजायचे, शेजारी ताजं चीज, वर बाझिलिकोची पानं, ऑलिव्ह तेल. चिंक्वे मिनूती!” पाच मिनिटं!

मला तिथेच कळायला हवं होतं. ‘काही नाही गं, नुसती फोडणी द्यायची’ म्हणणाऱ्या बाईच्या घरी त्या फोडणीआधी दोन तास वाल सोलत बसलेले असतात.

सिन्योराने चिठ्ठी लिहून दिली होती. इटलीत येऊन मला आठ महिने झालेत. भाषा अजून अंदाजपंचे चालते. ‘एस-सी-एच’ दिसल्यावर मी पोर्शे गाडी आठवून ‘श’ म्हणून मोकळी झाले आणि आठवडी बाजारात फळवाल्यापुढे उभी राहून ठणकावून म्हटलं, “पेशे! दोन किलो! भाजायला!” त्याने अतिशय नम्रपणे बोट दाखवलं. समोर मासळीची गाडी. बर्फावर चकचकीत बांगड्याचे इटालियन भाऊबंद आडवे पडलेले. आम्ही रत्नागिरीचे, वर्षभर मासे खातो आणि श्रावण मात्र पाळतो. त्या गाडीसमोर मी जितका वेळ उभी राहिले तितका वेळ देवळातही उभी राहत नाही.

पेशे म्हणजे मासा. पीच म्हणजे पेस्के. हे कळल्यावर मी परत फळवाल्याकडे गेले आणि सवयीने एक पीच दाबून बघितला. आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं इतकं इटालियन त्या एका मिनिटात ऐकलं. इथे फळाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो. सुपरमार्केटातसुद्धा प्लास्टिकचा हातमोजा घालून शस्त्रक्रियेला निघाल्यासारखं टोमॅटो निवडायचे. आंबा हुंगल्याशिवाय पेटी न घेणाऱ्या घराण्यातली मी. त्याने दिले ते पीच मुकाट्याने पिशवीत घातले.

चीजचं मला टेन्शन नव्हतं, कारण बुर्राता आणायची ठरलं होतं. बुर्राता पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला उकडीचा मोदकच वाटला होता. तसाच पांढरा, ओलसर, वर चिमटून शेंडी बांधलेली. पारी मोझरेल्लाची आणि सारण म्हणजे सायीत भिजलेले चीजचे तुकडे. मूळची दक्षिणेतल्या आंद्रियाची. पण ऐनवेळी सिन्योराच्या नवऱ्याने जिन्यात गाठून विचारलं, “तुम्ही सध्या शाकाहारी ना? मग काल्यो चालतं?” काल्यो म्हणजे दूध विरजायचं ते द्रव्य, बहुतेकदा वासराच्या पोटातलं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने बोटांवर श्रावण सुरू झाल्यापासून खाल्लेले पिझ्झे मोजायला घेतले आणि मग दुसरा हात वापरायची वेळ आल्यावर मोजणं सोडून दिलं.

चीज घरीच करायचं ठरलं. रिकोत्ता, म्हणजे इथलं मऊ ताजं चीज. दूध तापवून लिंबू पिळायचं, एवढंच. पण आपल्याकडे दूध उतू गेलं तर शकुन, नासलं तर घरभर सुतक. मुद्दाम लिंबू पिळताना हात थरथरतो हो. तरी पिळलं. काही झालं नाही. आणखी पिळलं. तळाशी रव्यासारखी भुकटी जमली, बाकी सगळं पांढरं पाणी. मग पुठ्ठ्याचा खोका नीट वाचला: ‘लुंगा कोन्सेर्वात्सियोने’, म्हणजे दीर्घकाळ टिकणारं. महिनोन्महिने नासू नये म्हणून एका कारखान्याने जिवाचं रान केलेलं दूध मी दहा मिनिटांत नासवायला निघाले होते!

ताजं दूध आणलं. हे मात्र गुणी निघालं. एका लिंबात फाटलं. पंच्यात बांधून नळाला टांगलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी ते पाहिलं.

“अगं, हे पनीर आहे.”

“आई, रिकोत्ता आहे.”

“बरं. पाण्यात कणीक भिजव, टाकू नकोस.”

पंधराला सकाळी नवरा भारतीय वाणिज्य दूतावासात झेंडावंदनाला गेला आणि मी पीच कापायला बसले. आंब्याचा बाठा आणि मी जुन्या ओळखीचे, पण पीचचा बाठा गराला असा धरून बसतो की भाडेकरूने जागा धरावी. चार पिळून लगदा झाले, सहा शाबूत निघाले. रेघा उमटवणारा ग्रिल-पॅन आमच्याकडे नाही. होता तो बिडाचा तवा, आईने बॅगेत साड्यांखाली घालून दिलेला. त्याला साबण लावायचा नाही, अशी तिची शपथ आहे. तेल पुसलेले पीच कापलेल्या बाजूने तव्यावर टेकवले. चर्र झालं, कडेने साखर करपून तपकिरी झाली, वास मस्त सुटला. जरा ओळखीचाही वाटला. पण घाईत कोण विचार करतो?

बाझिलिको ही तुळशीचीच बहीण, म्हणून पानं खुडताना मनातल्या मनात नमस्कार करून घेतला.

अंगणात ताटली फिरली. सिन्योराने चीज चाखलं आणि शांतपणे सांगितलं की हे रिकोत्ता नव्हे. रिकोत्ता चीज काढून उरलेल्या पाण्यापासून करतात, ते पाणी पुन्हा तापवून. नावाचा अर्थच ‘पुन्हा शिजवलेलं’. (ते पाणी आमच्या पोळ्यांत गेलं होतं.) सासूबाई इटालियन न शिकताच बरोबर निघाल्या. मग तिने पीचचा घास घेतला. थांबली.

“पार्तिकोलारे,” ती म्हणाली.

हा शब्द मी ओळखते. आपल्याकडे पाहुणा ‘वेगळीच चव आहे हं’ म्हणतो आणि वाटी हळूच पुढे सरकवतो, तोच हा. वरून पिएमोंतेतल्या एका आजोबांनी ऐकवलं की पीच भाजणं हीच मुळात नवी थेरं. पीच वाइनमध्ये बुडवायचा असतो. त्यावर वाद पेटला, आणि माझी ताटली विसरली गेली म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला.

सिन्योराचा नवरा मात्र गप्प होता. त्याने दुसरी फोड उचलली, हुंगली, डोळे मिटून सावकाश चावली.

“स्गोम्ब्रो?” त्याने विचारलं.

नवऱ्याची तिसरी फोड तोंडाजवळच थांबली.

“बांगडा,” मी कबूल केलं. “गटारीचा.”