बोलकी गाडी, बहिरा खांब

माझी नवी गाडी भलतीच बोलकी निघाली. सेकंदाला दहा वेळा ती आसपासच्या काहीशे मीटरमध्ये रेडिओवरून जाहीर करते: मी इथे आहे, इतक्या वेगात आहे, आत्ता ब्रेक दाबलाय. दखल घ्यायला काळं कुत्रंही नाही. शेजारच्या गाड्या मुक्या आणि सिग्नलचे खांब ठार बहिरे.

एक चौक मात्र सरकारने आपल्या सगळ्यांच्या करातून सुधारला आहे. तिथल्या खांबावरचा डबा हिरवा दिवा कधी लागणार ते गाडीला कळवतो आणि गाडी मला सल्ला देते: ४२च्या वेगाने चला, थांबावं लागणार नाही. मी मुकाट ४२ धरतो. मागच्याच्या गाडीला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तो हॉर्नवरचा हात काढत नाही. शेवटी मला ओलांडून सुसाट जातो आणि लाल दिव्यापाशी माझ्याच पुढे उभा राहतो. मी हिरव्या मुहूर्तावर अचूक पोचतो, तेव्हा स्वारी नुकती पहिला गिअर टाकत असते. मी ब्रेक दाबतो. गाडी ते लगेच जगाला कळवते.

त्यात एखाद्या पादचाऱ्याने रस्ता ओलांडायचं बटण दाबलं, की पडद्यावर १४, १३, १२ आणि एकदम २६!

गाड्या बनवणारे म्हणतात, आधी खांब बोलते करा. खजिना सांभाळणारे म्हणतात, आधी गाड्या तर येऊ द्या. या ‘पहले आप’च्या भानगडीत अमेरिकेने १९९९ साली गाड्यांच्या या बोलण्यासाठी राखलेल्या ७५ मेगाहर्ट्झच्या रेडिओपट्ट्यापैकी ४५ मेगाहर्ट्झ २०२० साली वायफायला देऊन टाकले. रुमाल टाकून अडवलेली जागा तरी किती वर्षं रिकामी ठेवायची? शिवाय तंत्र वायफायच्या जातीचं घ्यायचं की मोबाइलच्या, हा घोळ वेगळाच. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही.

हल्ली तो सुधारलेला चौकही माझ्या नशिबी नाही. डबा चालू आहे, बोलतोही. पण खोटे संदेश ओळखता यावेत म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही लागते आणि त्या सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय. त्यामुळे माझी गाडी त्याला अनोळखी इसम समजून तोंड फिरवते.

चौकशीला गेलो. “डबा बसवायची तरतूद प्रकल्पात होती,” साहेब म्हणाले. “प्रमाणपत्राचं नूतनीकरण देखभालीत येतं.”

“मग देखभाल कोणाकडे?”

“प्रकल्पाकडे होती. प्रकल्प संपला ना.”

दुसऱ्या टप्प्यात आणखी चौकांत डबे बसणार आहेत, हे मात्र त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं.