‘एनर्जी’त कोळसा आधीच बसलाय

तळजाईला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: खाण कंपन्या बॅटरी स्टोरेजमध्ये, म्हणजे बॅटरीत वीज साठवण्याच्या धंद्यात उतरल्यात, सरकारने त्यांना मुद्दाम ‘मायनिंग’ या वर्गात डांबून ठेवलंय, लवकरच त्या ‘एनर्जी’ या वर्गात जाणार आणि भाव दुप्पट होणार. मंडळी डीमॅट उघडायच्या गप्पा मारायला लागली, म्हणून हा खटाटोप.

आधी ते ‘सरकारने डांबलंय’. मुळात डांबायला एक कोठडी कुठे आहे? कंपनीचा जो २१ अक्षरी-अंकी नोंदणी क्रमांक असतो, त्यात पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे व्यवसायाचे. कोल इंडियाचा काढून बघा: २३१०९. जुन्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात २३ म्हणजे कोक, पेट्रोलियम शुद्धीकरण वगैरे कारखानदारी. म्हणजे देशातली सगळ्यात मोठी कोळसा कंपनी त्या क्रमांकाप्रमाणे खाणीत मोडतच नाही! त्याच वर्गीकरणाच्या २००८च्या आवृत्तीत आकडेच वेगळे: कोळशाच्या खाणी ०५, धातूंच्या ०७ आणि बॅटरी बनवणं २७२०. शेअर बाजारातली विभागणी याहून निराळी, ती राष्ट्रीय शेअर बाजाराची (एनएसई) कंपनी एनएसई इंडायसेस करते. परदेशी फंड बघतात ती विभागणी म्हणजे जीआयसीएस, एमएससीआय आणि एस अँड पी या शेअर निर्देशांक काढणाऱ्या कंपन्यांनी १९९९ साली केलेली. तिच्याशी आपल्या सरकारचा काही संबंध नाही.

दुसरं, ‘बॅटरीत उतरली की खातं बदलतं’. कंपनीचं खातं, म्हणजे यादीतला वर्ग, मुख्यतः उत्पन्न कुठून येतं यावर ठरतं, घोषणा कशाची केली यावर नाही. एनएलसी इंडिया घ्या, पूर्वीची नेव्हेली लिग्नाइट. स्वतःच्या खाणीतला लिग्नाइट (कोळशाचाच एक प्रकार), शिवाय पोर्ट ब्लेअरला सौर प्रकल्पाच्या जोडीला ८ मेगावॅट-तासांची बॅटरी. तरी बाजाराच्या यादीत ती वीज कंपनी, कारण खणलेलं बहुतेक स्वतःच जाळते आणि विकते ती वीज. तसंच ब्राझीलमध्ये व्हॅनेडियम हा धातू काढणाऱ्या लार्गो कंपनीने २०२० मध्ये बॅटरीची वेगळी शाखाच काढली, स्पेनच्या मायोर्का बेटावर व्हॅनेडियमची बॅटरी बसवली. पण पोट भरलं ते व्हॅनेडियम विकूनच.

आणि इतकं लांब कशाला, हिंजवडी बघा. तिथल्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेसोबत सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. यादीत ती कुठे? सॉफ्टवेअरमध्ये. चिंचवडला कारखाना असलेली एक्साइड, जी खरोखर बॅटऱ्याच बनवते, ती बसते वाहनांच्या सुट्या भागांत.

फॉरवर्डमधलं ‘लिथियम म्हणजे स्टोरेज’ हेही असंच ठोकून दिलेलं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेस या लिथियमच्या खाणीत अल्बेमार्ल कंपनीचा हिस्सा आहे, पण जीआयसीएसमध्ये ती रसायन कंपनी. पिलबारा मिनरल्सही लिथियमचंच खनिज काढते, ती धातू-खाणींत. फॉरवर्डमध्ये निकेल-कोबाल्टवाल्यांचाही उदो उदो आहे. पण ग्रिडसाठी, म्हणजे वीजजाळ्यासाठी, हल्ली बहुतेक ज्या एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटऱ्या बसवतात, त्यांत ना निकेल असतं ना कोबाल्ट.

राहता राहिली ती ‘एनर्जी’. इथेच खरी गंमत. जीआयसीएसमधली एनर्जी म्हणजे तेल, वायू, कोळसा. पवन-सौर वीज विकणारे युटिलिटीज (वीज-पाणी पुरवणाऱ्या कंपन्या) या वर्गात, बॅटरी बनवणारे इंडस्ट्रियल्स (औद्योगिक माल बनवणाऱ्या कंपन्या) या वर्गात. आपल्या एनएसईच्या यादीतही कोल इंडिया आजच एनर्जीत आहे, आणि त्यासाठी तिला एकही बॅटरी बसवावी लागलेली नाही. म्हणजे ज्या पंगतीत बसल्यावर भाव दुप्पट होणार म्हणतात, तिथे कोळसा केव्हाचा पाटावर बसलाय. स्टोरेज करणाऱ्याला तिकडे जायचं कारणच काय?

हे सगळं आज सकाळी ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत एका काकांचा मेसेज: “छान समजावलंस. मग केपीआयटी घेऊ का?”