खासदाराकडे गटार, न्यायाधीशाकडे कायदा

इंदूरमध्ये वकिली करणाऱ्या मराठी माणसाला लग्नकार्यातसुद्धा सुखाने दोन घास खाता येत नाहीत, कारण कोणी ना कोणी ताट हातात घेऊन जवळ येतो आणि विचारतो की यावर हायकोर्टात रिट याचिका टाकता येणार नाही का. ‘यावर’ म्हणजे अक्षरशः कशावरही. त्यात गल्लीतली तुंबलेली ड्रेनेज लाइन येते, पेट्रोलचा भाव येतो, विद्यापीठाचा लांबलेला निकाल येतो आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा कुत्राही येतो. रिट नाही तर 181, म्हणजे मध्य प्रदेशची मुख्यमंत्री हेल्पलाइन, आहेच. प्राप्तिकराचा परतावा अडकला म्हणून मुख्यमंत्री हेल्पलाइनला फोन लावणारे, तेथून काही निष्पन्न झाले नाही की मंगळवारी कलेक्टरच्या जनसुनवाईत अर्ज घेऊन बसणारे, आणि शेवटी सगळे चोर आहेत असा निकाल देऊन मोकळे होणारे गृहस्थ मला चांगले माहीत आहेत. प्राप्तिकर केंद्राच्या सूचीतला विषय आहे, राज्याचा मुख्यमंत्री त्यात बोटही घालू शकत नाही, हे समजावून सांगितले की माझ्याकडे असे पाहिले जाते, जणू मीच तो परतावा खाल्ला आहे.

ही माणसे अडाणी असती तर मला राग आला नसता. हे निवृत्त बँक अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, मुलांच्या स्पर्धा परीक्षांसाठी केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणारी घटनेची सातवी अनुसूची घोकून घेणारे पालक आहेत. घोकलेले सगळे उत्तरपत्रिकेत राहते आणि घरात, दुकानात, कट्ट्यावर मात्र पंतप्रधान, न्यायाधीश, कलेक्टर आणि पाण्याचा टँकर पाठवणारा बाबू हे सगळे एकाच कारखान्याचे नोकर समजले जातात.

मध्यंतरी एक पक्षकार जाडजूड फाइल घेऊन आले. कोचिंग क्लासच्या भरमसाट फीविरुद्ध विधानसभेने कायदा करावा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडून मिळवून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. फाइलमध्ये फीच्या पावत्या तारखेवार लावलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर लाल पेनाने बेरीज केलेली होती. मी सांगितले की केलेला कायदा घटनेच्या विरोधात असेल तर न्यायालय तो रद्द ठरवू शकते, असलेला कायदा सरकार पाळत नसेल तर ते पाळायला लावू शकते, परंतु अमुक कायदा करा असे न्यायालय विधानसभेला फर्मावू शकत नाही. त्यावर त्यांनी विचारले, “मग कोर्ट आहे कशाला?” याच सद्गृहस्थांनी आठवड्यापूर्वी मला ऐकवले होते की न्यायालये फार लुडबुड करतात!

न्यायालयाने पोकळी भरून काढल्याची उदाहरणे आहेत, नाही असे नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, तीही संसद कायदा करीपर्यंत. संसदेला तो कायदा करायला 2013 साल उजाडले. मधल्या सोळा वर्षांत किती मतदारांनी आपल्या खासदाराला गाठून या कायद्याचे काय झाले असे विचारले असेल? खासदाराला आपण विचारतो ते पथदिवे, सभामंडप आणि बोअरिंग यांविषयी. 1993 पासून खासदार निधी सुरू झाला, आज तो वर्षाला 5 कोटी रुपये आहे, आणि त्यातून बांधलेल्या बसथांब्यावर नाव झळकले की खासदाराचे काम झाले, असे त्यालाही वाटते आणि आपल्यालाही. कायदे करणे आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे, ज्यासाठी त्याला निवडून दिले, ते वाऱ्यावर. 29 नोव्हेंबर 2021 रोजी तीन कृषी कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झाले. कायदे आवडते असोत वा नावडते, वर्षभर देश ज्यावरून पेटला होता त्यावर सभागृहात चर्चाच होऊ नये, याचा संताप मला आमच्या कॉलनीत एकाच्याही तोंडून ऐकू आला नाही. सतराव्या लोकसभेने उपाध्यक्ष न निवडताच पाच वर्षे काढली, घटनेत तो लवकरात लवकर निवडावा असे लिहिलेले असताना. त्याचेही कोणाला सोयरसुतक नव्हते.

मार्च 2020 मध्ये भोपाळला जे घडले, त्यात तर या सगळ्या संस्था दहा-बारा दिवसांत डोळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. सत्ताधारी काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितले, विधानसभेच्या अध्यक्षांनी कोरोनाचे कारण देऊन अधिवेशन 26 मार्चपर्यंत तहकूब केले, सर्वोच्च न्यायालयाने 19 तारखेला आदेश दिला की दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत सभागृहात मतदान घ्या, आणि त्या मतदानाआधीच मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला. न्यायालयाने बहुमत कोठे आणि केव्हा मोजायचे एवढेच सांगितले, आणि ते सभागृहातच मोजायचे हा नियमही सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालापासूनचा. आमच्याकडे मात्र एका गटाने ‘कोर्टाने सरकार पाडले’ म्हणून शंख केला आणि दुसऱ्या गटाने ‘कोर्टाने सरकार आणले’ म्हणून पेढे वाटले. पुढे आमदारकी सोडलेली माणसे नव्या सरकारात, आमदार नसतानाही सहा महिने मंत्री राहता येते या घटनात्मक सवलतीवर, मंत्री झाली. त्यांतले सांवेरचे तुलसीराम सिलावट हे तर इंदूर जिल्ह्यातलेच. मुदत संपताच ऑक्टोबरमध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले, तर ‘त्यांना का काढले’ असे मला विचारणारे भेटले. काढले कोणीच नव्हते हो, मुदत भरली होती!

अमेरिकेत पोरे असलेल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. 2025 च्या ऑक्टोबरपासून तेथील संघ सरकारचे कामकाज 43 दिवस ठप्प झाले, तेव्हा न्यू जर्सीतल्या पुतण्याच्या हवाल्याने मला सांगण्यात आले की एवढ्या मोठ्या देशात सरकारच बंद पडते, आपण त्यापेक्षा बरे. तेथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, वेगळी निवडून येते आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते, त्यामुळे खर्चाची विधेयके वेळेत मंजूर झाली नाहीत तर कचेऱ्यांना कुलूप लागते, पण राष्ट्राध्यक्षाची खुर्ची हलत नाही. आपल्याकडे मंत्रिमंडळ लोकसभेच्या बहुमतातूनच निघते आणि तिलाच जबाबदार असते, म्हणून अर्थसंकल्पावर पराभव झाला तर मंत्रिमंडळालाच घरी जावे लागते. मात्र 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची खासदारकीच जाऊ शकते, त्यामुळे ती वेळ येणे दुरापास्त. एवढे सांगून होईपर्यंत ऐकणारा मोबाइलवर पोह्यांचे फोटो पाहू लागलेला होता.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट घराजवळची आहे. गटार, कचरा, नळाचे पाणी ही कामे नगरपालिका-महानगरपालिकांची, हे 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून राज्यघटनेतच आले, आणि त्यांच्या निवडून आलेल्या परिषदेची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असेही त्यातच आहे. तरीही इंदूरच्या परिषदेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि मतदान झाले ते थेट जुलै 2022 मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात निवडणुका जाहीर करण्याचा आदेश दिल्यावर. मधली जवळपास अडीच वर्षे 85 प्रभागांत एकही पार्षद, म्हणजे नगरसेवक, नव्हता आणि शहर प्रशासकाच्या हाती होते, तरी कोणी ब्र काढला नाही. ड्रेनेज तुंबले की त्याचे फोटो दिल्लीतल्या खासदारांना टॅग करण्याचा उद्योग तेवढा अखंड चालू होता. आता परिषद आहे, पार्षदही आहेत. कॉलनीच्या बैठकीत मी आपल्या पार्षदाचे नाव विचारले, तर एकाने मागच्या पार्षदाचे सांगितले, दुसऱ्याने आमदाराचे, आणि तिसऱ्याने मलाच उलट विचारले, “वकीलसाहेब, नाव घेऊन करायचे काय? कामे तर खासदारच करतात ना?”