नापास कोण होतं?

सहावीतल्या माझ्या मुलीला गणितात ५ मिळाले. इथे जर्मनीत १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट, म्हणजे आपल्या भाषेत ती नापासच. आकड्याशेजारी बाईंनी शब्द लिहिला होता, 'मांगेलहाफ्ट'. मांगेल म्हणजे उणीव. उणिवा पेपरात होत्या, आणि खाली त्या लिहूनही दिल्या होत्या: अपूर्णांकांचा भागाकार.

इथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९६८ साली या शब्दांच्या व्याख्या ठरवल्या. 'मांगेलहाफ्ट'चा अर्थ साधारण असा, की काम अपेक्षेला उतरलेलं नाही, पण पाया आहे आणि उणिवा लवकर भरून काढता येतील. पायाच कच्चा असेल तर ६.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये पाचवी-आठवीला नापास करण्याची तरतूद परत आली, तेव्हापासून आमच्या घरी फोनवर हाच वाद चालू आहे. दादा म्हणतो, ढकलत नेलेली पोरं दहावीला आपटतात. वहिनी म्हणतात, एवढ्याशा पोराच्या कपाळी शिक्का कशाला? मला दोघांचंही पटतं. माझं भांडण त्या शब्दाशी आहे. 'नापास झाला' म्हटलं की अख्खा मुलगाच नापास होतो. ३४ गुण मिळालेला आणि ४ मिळालेला, दोघांना शब्द एकच. मध्यंतरी बोर्डाने दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याऐवजी 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आणला. हेतू चांगलाच होता, पण काय येत नाही हे त्यातूनही कळत नाही.

मला शाळेत 'ढ' म्हणायचे. ब्राह्मीपासून ज्याचा आकार बदलला नाही ते अक्षर! हा कधी सुधारणार नाही, असं त्या एका अक्षरात आधीच ठरलेलं असतं. भागाकार मला पुढे आला, पण हात वर करायची भीती कॉलेजपर्यंत गेली नाही.

इथलंही सगळं मला मान्य नाही. आमच्या राज्यात चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. दहा वर्षांच्या पोरांची अशी वाटणी मला क्रूर वाटते.

पण 'मांगेलहाफ्ट' हा शब्द घेण्यासारखा आहे. दादा, पुतण्या यंदा आठवीत आहे. निकालावर गणितासमोर शिक्षकांनी इतकंच लिहावं, असं तू शाळेत जाऊन सांग: अपूर्णांक येतात, समीकरणं येत नाहीत, फेरपरीक्षेपर्यंत येतील.